गीता १७.१५ : ‘पण ते खरंच होतं की!’



आजचा श्लोक सतराव्या अध्यायातला पंधरावा. आपल्या रोजच्या क्रमाने तो १ डिसेंबरला, म्हणजे बरोबर गीता जयंतीच्या दिवशी यायचा होता. मी तो आठवडाभर मागे ठेवला. मधले चार-पाच दिवस जुनीच चिंतनं पुन्हा टाकली, ते काहींच्या लक्षात आलं आणि मेसेजही आले. कारण सांगतो, पण आधी श्लोक.

भगवंत इथे तपाचे तीन प्रकार सांगतात. चौदाव्या श्लोकात शरीराचं तप, पंधराव्यात वाणीचं, सोळाव्यात मनाचं. वाणीच्या तपाला चार कसोट्या आहेत. बोलणं ऐकणाऱ्याच्या मनाला टोचून अस्वस्थ करणारं नसावं, ते सत्य असावं, प्रिय असावं आणि हिताचं असावं. जोडीला स्वाध्याय, म्हणजे रोजचं पठण. ते आपण करतोच.

माझा वर्षानुवर्षं असा समज होता की या चारांत ‘सत्य’ हा मुख्य पेपर आणि बाकीचे तीन ऑप्शनला टाकता येणारे. खरं बोललो ना? मग झालो पास. वरून ‘मी तोंडावर बोलणारा माणूस आहे’ असा एक अभिमानही. पण शंकराचार्यांनी या श्लोकावरच्या भाष्यात अगदी स्पष्ट लिहिलंय की हे चारही गुण एकत्र हवेत. एक जरी कमी पडला तरी ते वाणीचं तप होत नाही. बोलणं सत्य असलं आणि बाकीचं काही नसलं तरी नाही. नुसतं गोड असलं आणि सत्य नसलं तरी नाही. हे भाष्य मी दोन वर्षांपूर्वी वाचलं होतं, वहीत उतरवूनही घेतलं होतं. उतरवून घेतल्याने काय होतं, ते आता सांगतो.

मी मूळचा इस्लामपूरचा. पुण्याहून बेंगळुरू हायवेने यायचं, पेठ नाक्याला वळायचं की आलं आमचं गाव. २०२५ च्या जुलैमध्ये सरकारने ईश्वरपूर असं नाव जाहीर केलं. आमच्या आजीच्या तोंडात अजून जुनंच आहे, म्हणून इथे तेच लिहितोय, त्यावर कमेंटमध्ये भांडू नका. नोकरी पुण्यात, पण मतदान तिकडेच ठेवलंय. २ डिसेंबर २०२५ ला नगरपरिषदेचं मतदान झालं. आधीची निवडणूक २०१६ ची. मधली काही वर्षं प्रशासक होते. म्हणजे माझ्या वयाच्या बऱ्याच जणांनी आयुष्यात पहिल्यांदा नगरसेवकासाठी बटण दाबलं.

आणि या निवडणुकीच्या आधी आमच्या जिल्ह्यात काय वातावरण होतं ते तुम्ही पुण्या-मुंबईत बसूनही पाहिलंच असेल. सप्टेंबरमध्ये जतचे आमदार गोपीचंद पडळकर आमचे आमदार जयंत पाटील यांच्याबद्दल भाषणात बोलताना त्यांच्या जन्मावर, वडिलांच्या नावावर गेले. ते शब्द मी इथे लिहिणार नाही. वडील म्हणजे राजारामबापू पाटील, १९८४ साली गेलेले. शरद पवारांनी मुख्यमंत्र्यांना फोन करून नाराजी कळवली. मुख्यमंत्री फडणवीसांनीही असं बोलणं योग्य नाही असं जाहीरपणे सांगितलं. सांगलीत मोर्चा निघाला. पण त्या निषेधातही बोलणाऱ्यांची जीभ ताब्यात होती असं म्हणता येणार नाही. आणि त्याच्या दोनच महिने आधी, जुलैत, विधानभवनाच्या लॉबीत पडळकर आणि जितेंद्र आव्हाड यांच्या समर्थकांची हाणामारी झाली होती. तिचीही सुरुवात टोमण्यांपासूनच. म्हणजे हे एका पक्षाचं दुखणं नाही. मी कुठल्या पक्षाचा, हे विचारू नका. आमच्या घरातच तीन आहेत.

तेव्हा मी काय केलं? स्टेटस ठेवलं. ‘महाराष्ट्राची संस्कृती ही नाही.’ हात जोडलेले, खाली दिवा. ९० लोकांनी पाहिलं.

आता नोव्हेंबर. आमच्या दहावीच्या बॅचचा ग्रुप आहे. एका संध्याकाळी त्यावर एक फोटो आला. आमच्याच वॉर्डातल्या एका उमेदवार ताईंचा प्रचारातला फोटो, आणि खाली एक ओळ. आशय असा, की जिला स्वतःचं घर टिकवता आलं नाही ती वॉर्ड काय सांभाळणार. ताई चार वर्षांपासून माहेरी राहतात, हे गल्लीत सगळ्यांना माहीत. मी हसण्याचे दोन इमोजी टाकले. एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी तो फोटो आमच्या मावस-मामे भावंडांच्या ग्रुपवर पुढे पाठवला. कंपनीच्या बसमध्ये होतो, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलो, कंटाळा आलेला. पाच सेकंदांचं काम. मनात किंचित काहीतरी टोचलं, तर लगेच आतून उत्तर आलं: ‘पण ते खरंच आहे की.’

संस्कृतीचं स्टेटस ठेवणारा माणूस तोच, बरं का. फोनही तोच.

शनिवारी गावी गेलो. संध्याकाळी बाबांबरोबर बह्याला गेलो. बहे हे समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एकाचं ठाण. कृष्णेच्या पात्रात बेट आहे, रामलिंग आहे. गावाच्या नावाची कथा अशी सांगतात, की प्रभू राम शिवपूजेला बसलेले असताना नदीला पूर आला आणि मारुतीने दोन्ही बाहू पसरून पाणी दोन बाजूंनी वळवलं. बाहूवरून बहे. तिथे बसलो की मला हटकून किष्किंधाकांड आठवतं. मारुतीची आणि रामाची पहिली भेट. मारुती वेष बदलून येतो, बोलतो, आणि राम लक्ष्मणाकडे वळून कशाचं कौतुक करतात? त्याच्या बळाचं नाही, बोलण्याचं. एकही शब्द वावगा नाही, फार लांबण नाही, अडखळणं नाही, चेहऱ्यावर कुठे विकार नाही. शिवाय तो तिथे गेला होता तो सुग्रीवाचा माणूस म्हणून, समोरचे शत्रूचे हेर आहेत का हे काढून घ्यायला! आजच्या भाषेत राजकीय कामावरच होता. पूर्वी हा प्रसंग मी इथे लिहिलाय, तुम्ही भरपूर लाइकही केलंत. त्या संध्याकाळी मात्र मला मारुतीपुढे बसून तो नीट आठवावासा वाटला नाही. का वाटला नाही, ते तेव्हा कळलं नाही.

कळलं सोमवारी. गीता जयंती, मोक्षदा एकादशी. आईच्या भजनी मंडळात दरवर्षी अठराही अध्यायांचं पारायण असतं. मी सोडायला गेलो तर सतरंजीवर एक जागा रिकामी. त्या उमेदवार ताईंच्या आई, आम्ही ज्यांना लहानपणापासून काकू म्हणतो, त्या आल्या नव्हत्या. टाळ वाजवायला नेहमी त्याच पुढे. आईने परत येताना विषय काढला.

“आठ दिवस झाले, हरिपाठालाही येत नाहीत. कुणीतरी मोबाईलवर लेकीचं काहीबाही फिरवलंय.”

मी गप्प.

“तिनं भाषणात काय मागितलं होतं, ठाऊक आहे का तुला? वॉर्डात किती निधी आला आणि तो कुठं खर्च झाला, एवढा हिशेब चौकात बोर्डावर लावा म्हणाली. बास. त्याचं उत्तर कुणी दिलं का? दिलं ते हे असलं.”

मला खरोखर ठाऊक नव्हतं. त्या फोटोपलीकडे ताई काय म्हणतायत हे मी विचारलंही नव्हतं. फोटोचं कामच ते होतं.

त्या रात्री मी गीता बाजूला ठेवून आदिपर्व काढलं. सगळ्यांना माहीत असलेला प्रसंग आहे, पण या वेळी वेगळा दिसला. हस्तिनापूरची रंगभूमी. अर्जुनाने कौशल्य दाखवलंय, लोक खूश आहेत. कर्ण येतो आणि म्हणतो, हे सगळं मीही करून दाखवतो. दाखवतोही. मग तो अर्जुनाला द्वंद्वाचं आव्हान देतो. म्हणजे मैदानात आता एक साधा प्रश्न आहे: श्रेष्ठ धनुर्धर कोण? त्याचं उत्तर द्यायला धनुष्यं आहेत, दोघं आहेत, प्रेक्षक आहेत. आणि कृपाचार्य विचारतात, तुझं कुळ कोणतं? आई-वडील कोण?

कर्णाची मान खाली जाते. दुर्योधन त्याला तिथल्या तिथे अंगदेशाचा राजा करतो. इतक्यात अधिरथ सारथी धापा टाकत येतो, कर्ण अभिषेकाने भिजलेलं मस्तक त्याच्या पायावर ठेवतो. बापाला ओळख नाकारत नाही, हे लक्षात घ्या. आणि भीम हसतो. म्हणतो, तुझ्या हातात चाबूकच शोभतो. सूर्य मावळतो. सभा उठते. मूळ प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी मिळतच नाही.

भीम आपला. पांडवांच्या बाजूचा, धर्माच्या बाजूचा. आणि तो खोटं बोलत नव्हता, त्याला ठाऊक होतं तेच तो बोलला. पण कर्ण सूतपुत्र नव्हताच. तो कुंतीचा मुलगा, म्हणजे भीमाचाच थोरला भाऊ. भीमाने भर मैदानात, नकळत, स्वतःच्या आईच्या आयुष्यातल्या सगळ्यात दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं होतं, आणि ती आई तिथेच बसलेली होती. कर्ण आणि अर्जुन समोरासमोर आलेले पाहून ती आधीच मूर्च्छित होऊन पडली होती. का, हे तिथे फार तर तिलाच ठाऊक. दुसऱ्याच्या घरातलं आपल्याला ‘माहीत’ असतं ते साधारण एवढंच असतं. शिवाय त्या टोमण्याने पांडवांचं भलं काय झालं? दुर्योधनाला आयुष्यभराचा मित्र मिळाला.

आता तुम्ही म्हणाल, भीमाचं चुकीचं ठरलं म्हणून. समजा माहिती पक्की खरी असती तर?

त्यालाही आपल्याच कृष्णाकाठची एक गोष्ट आहे. सातारा-सांगलीकडे जुनी माणसं ती अजून सांगतात. संयुक्त महाराष्ट्राचा लढा ऐन भरात होता, आचार्य अत्रे यशवंतराव चव्हाणांवर तुटून पडत होते. त्या भरात त्यांनी यशवंतरावांच्या निपुत्रिक असण्यावर टोमणा मारला. सांगतात ते असं, की यशवंतरावांनी नंतर अत्र्यांना शांतपणे एवढंच कळवलं की बेचाळीसच्या चळवळीत आपण भूमिगत असताना वेणूताईंचे जे हाल झाले, त्यानंतर त्यांना मूल होणं शक्य राहिलं नाही. अत्रे हे ऐकून घरी गेले आणि त्यांनी वेणूताईंची माफी मागितली. यात टोमण्यातली माहिती अगदी खरी होती! मूल नव्हतंच. आणि अत्र्यांचा मुख्य प्रश्न, मुंबईसह महाराष्ट्र का नाही, हाही खरा, १०६ हुतात्म्यांच्या रक्ताचा. त्या प्रश्नाला टोमण्याची काही गरज नव्हती.

जिल्ह्यातलं मोठं भांडण म्हणाल तर राजारामबापू आणि वसंतदादांचं. वारणेवरचं धरण खुजगावला की चांदोलीला, यावर दोघांत जो वाद झाला त्याने सगळा जिल्हा दुभंगला. घराघरांत त्या दोन गटांच्या खुणा अजून सापडतील. शेवटी धरण चांदोलीला झालं, ३४.४० टीएमसीचं. ते भांडण काही सोवळं होतं असं मी म्हणत नाही. पण आजही त्यावर बोलायला बसलं की पाणी, उंची, कालवे, बुडणारी गावं असं बोलता येतं. भांडणाला विषय होता. सप्टेंबरच्या त्या भाषणावर आणखी चाळीस वर्षांनी कुणी बोलायला बसला तर त्याला कशावर बोलता येईल?

इथे एक गडबड होऊ शकते, आणि ती आपल्यासारख्या सत्संगी मंडळींत जास्त होते. ‘प्रिय बोला’ म्हटलं की आपण प्रश्न विचारणंच बंद करतो. कुणी हिशेब मागितला की ‘वैयक्तिक टीका नको, सकारात्मक राहा’ म्हणून त्यालाच गप्प करतो. हे गीतेतलं नाही. मारीच रावणाला जे ऐकवतो, विदुर धृतराष्ट्राला रात्रभर जे ऐकवतो, त्यात गोड काही नाही. दोघांचंही सांगणं असं, की गोड बोलणारे कितीही मिळतील, कडू पण हिताचं बोलणारा दुर्मीळ आणि ते ऐकून घेणाराही दुर्मीळ. मग ‘प्रिय’ या कसोटीचं काय? मला लागलेला अर्थ सांगतो, पटला तर घ्या: बोलणं प्रिय असावं म्हणजे बोलणाऱ्याला समोरचा माणूस नकोसा झालेला नसावा. विदुराला धृतराष्ट्र नकोसा नव्हता. त्याचे निर्णय नको होते.

व्यवहारात ही रेघ कुठे मारायची, त्याला आपल्याकडे चक्क नियम आहेत. निवडणूक आयोगाची आदर्श आचारसंहिता म्हणते, टीका धोरण, कार्यक्रम, आजवरची कामगिरी आणि काम यांवर करा. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर करू नका. खात्री न केलेले आरोप करू नका. दुसरीकडे २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उमेदवाराने आपल्यावरचे फौजदारी खटले, मालमत्ता, शिक्षण शपथपत्रात जाहीर करायचं असतं. तेव्हा कुणाच्या शपथपत्रावरून प्रश्न विचारणं हा वैयक्तिक हल्ला नाही. तुमच्यावर गुन्हा कसला, पाच वर्षांत जमीन एवढी कशी वाढली, हे खुशाल विचारा, नाव घेऊन विचारा. नवरा कुठे असतो, हे नाही.

विधानसभा-लोकसभेसाठीच्या कायद्यात तर, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३(४) कलमात, उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं पसरवणं हा भ्रष्ट आचार धरलाय. लक्षात घ्या, कायदा ‘खोटं’ असेल तरच पकडतो. माझा फॉरवर्ड तिथे सुटला असता. गीतेत सुटत नाही. सोळाव्या अध्यायात दैवी संपत्ती मोजताना भगवंत ज्या श्लोकात ‘सत्य’ म्हणतात त्याच श्लोकात ‘अपैशुन’ हा शब्द ठेवतात. म्हणजे दुसऱ्याची उणी बाजू तिसऱ्याला न सांगणं. खोटी उणी बाजू असं म्हटलेलं नाही. खरीसुद्धा.

मतदानाच्या दिवशी सकाळी, बूथवर जायच्या आधी काकूंकडे गेलो. दार उघडंच होतं.

“ये की. उभा का? कधी आलास पुण्याहून?”

चहा टाकायला निघाल्या, मी म्हटलं, काकू थांबा, मला काही सांगायचंय. सांगितलं. इमोजी टाकल्याचंही सांगितलं, फॉरवर्ड केल्याचंही. ताई घरात नव्हत्या, बूथवर होत्या. त्याचं मला बरंच वाटलं, हेही लिहून टाकतो.

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “खरंच होतं की ते. खोटं काय होतं त्यात?”

माझंच वाक्य.

“लेकीला मी चार वर्षांमागं घरी आणलं. का आणलं, ते गल्लीत कुणाला सांगितलं नाही मी. सांगितलं असतं तर त्या घराची अब्रू गेली असती. त्यांच्यातही लग्नाची पोर आहे एक. म्हणून गप्प बसले. आता वाटतं, बसायला नको होतं.”

अपैशुन हा शब्द काकूंनी कधी ऐकला असेल असं मला वाटत नाही. चार वर्षं त्या तो पाळत होत्या आणि आम्ही त्यांच्या त्या गप्प बसण्याचाच विनोद केला होता.

त्यांनी ‘जाऊ दे’ म्हटलं नाही. ‘माफ केलं’ही म्हटलं नाही. चहा मात्र केला. निघताना एवढंच विचारलं, “आणखी किती जणांकडं गेलंय ते?” मला उत्तर देता आलं नाही. भावंडांच्या ग्रुपवर १९ जण आहेत, त्यांनी पुढे कुणाला पाठवलं ते मला काय माहीत.

त्याच दुपारी दोन्ही ग्रुपवर लिहिलं. सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदत केव्हाच संपली होती. लिहिलं ते साधंच: मी पाठवलेला फोटो चुकीचा होता, मी पाठवायला नको होता, कुणी पुढे पाठवला असेल तर कृपा करून त्यांनाही हे कळवा, आणि ताईंनी निधीच्या हिशेबाचा जो प्रश्न विचारलाय तो मला रास्त वाटतो, बाकीच्या उमेदवारांनीही त्याचं उत्तर द्यावं. मत कुणाला दिलं ते लिहिलं नाही, इथेही लिहीत नाही.

भावंडांत दोघांनी अंगठा दिला. बॅचच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, ‘महाराज, प्रवचन ब्लॉगवर.’ ज्याने मूळ फोटो टाकला होता त्याने मला वेगळा मेसेज केला: ‘तुला एकट्यालाच लाज आहे का? मला कुणीतरी दिला, मी टाकला.’ मी त्याला काय सांगणार? मीही तेच केलं होतं. रात्री उशिरा आणखी एका मित्राचा मेसेज आला, बारावीनंतर आमचं बोलणं नव्हतं. त्याने एवढंच विचारलं, की निधीचा हिशेब मागायचा तर माहिती अधिकाराचा अर्ज कसा करतात. ते मात्र मला येत होतं. अर्जाचा नमुना पाठवून दिला.

मतमोजणी २१ डिसेंबरवर गेली होती. काल आईचा फोन होता. हरिपाठाला काकू अजून आलेल्या नाहीत.

उद्याचा श्लोक १७.१६, मनाचं तप. वाचून या.

राम कृष्ण हरी.